प्याला की दार

२४ सप्टेंबर १९११, रविवार

आज प्रवचनाच्या ऐन मध्यावर मी उठून ओरडणार होते. पाद्रीबुवा ईयोबाच्या हालअपेष्टांवर आले होते, बायका डुलक्या काढत होत्या, आणि माझी नजर वर कातडीवाल्यांच्या, म्हणजे कातडी कमावणाऱ्या-शिवणाऱ्यांच्या संघाच्या, सज्ज्याकडे गेली. कठड्यावर त्यांचा तुर्की गालिचा लोंबत होता. दोनशे वर्षं तो तिथेच लोंबतो आहे आणि मी कळायला लागल्यापासून दर रविवारी त्याच्याकडे बघते आहे. आज पहिल्यांदा तो मला दिसला.

त्या लालात सावली नाही, एवढंच. एवढा मोठा लाल पसरलाय, त्यात सावलीचा टिपूस नाही, तरी तो जिवंत आहे. आणि म्युनिकला बायकांच्या चित्रशाळेत दीड वर्षं मला काय शिकवलं? नाकाखाली तपकिरी, हनुवटीखाली तपकिरी, काही सुचेनासं झालं की आणखी तपकिरी.

गेल्या वर्षी त्याच म्युनिकमध्ये मुसलमानी कलेचं अफाट प्रदर्शन भरलं होतं. दालनांमागून दालनं, इराणी चित्रं, पितळी भांडी, गालिचे. तरुण चित्रकार आत शिरताना एक असायचे आणि बाहेर पडताना भलतेच. पॅरिसहून लोक खास ते बघायला येत. माझ्या खोलीत राहणारी यांका संध्याकाळी घरी आली ती बडबडतच, "रेगी, चित्र म्हणजे खिडकी नाही, भिंत आहे, भिंत." मी गालिच्यांपुढे उभी राहिले आणि मनात म्हटलं, यात एवढं काय, असले तर आमच्या चर्चमध्ये वीसेक आहेत. अशी मी हुशार.

आता वेळ थोडा उरलाय. बाबांशी माझा करार आहे. आमच्या आळीचे थोरले, मार्टिनकाका झायडनर, यांचं चित्र मी आळीच्या सभागृहासाठी काढायचं आणि नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सगळ्यांपुढे ठेवायचं. आळीने पत्करलं तर माळा माझा, रंग माझे, आणि मुलींचा चित्रकलेचा वर्गही माझा. नाही पत्करलं तर मेडियाशला सोफीताईकडे जायचं, तिची चार पोरं सांभाळायची आणि चित्राचं नाव काढायचं नाही. महिनाभर खपून काढलेलं चित्र समोर उभं आहे. त्यातले मार्टिनकाका धुरी दिलेल्या डुकराच्या मांडीसारखे दिसतात.

उद्या ते खरवडून टाकणार.

२६ सप्टेंबर, मंगळवार

गालिचा मागायला पाद्रीबुवांकडे गेले. मार्टिनकाका आधीच तिथे बसलेले. दोघांचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं, ते मी शिरताच थांबलं. पाद्रीबुवांचे डोळे लाल झालेले, सर्दी असावी.

"प्याला? प्याला खाली काढायचा?" ते म्हणाले.

त्या गालिच्याला आमच्याकडे सगळे प्यालाच म्हणतात. मधला लाल आकार वर रुंद आणि खाली निमुळता होत टोकाला येतो, थेट प्रभुभोजनाच्या प्याल्यासारखा. कातडीवाल्यांच्या कुणा पूर्वजाने तो आकार बघूनच बाजारातून उचलला आणि चर्चला वाहिला असं सांगतात.

"ईस्टरला धूळ झटकायला काढतो तेवढाच," पाद्रीबुवा म्हणाले. "आणि तो माळ्यावर न्यायचा, रंगांच्या राड्यात?"

"गालिचा कातडीवाल्यांचा, आणि कातडीवाल्यांत थोरला मी," मार्टिनकाका म्हणाले. "घेऊन जा, पोरी. पण पायाखाली घातलास तर तुझ्या बापाला चामड्यासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल."

२८ सप्टेंबर, गुरुवार

पायाखाली घातला. इलाज नव्हता, भिंत ओली होती.

आणि बरं झालं घातला. खिडकीच्या बाजूने बघितला तर लाल उजळ, पिकल्या चेरीसारखा. चुलीच्या बाजूला जाऊन बघितला तर तोच लाल गडद, काळपटाकडे झुकलेला. मला वाटलं ढग आला. परत खिडकीकडे गेले, परत चुलीकडे. मग हात फिरवून बघितला. लोकर सगळी एकाच दिशेला झुकलेली आहे, मांजराच्या पाठीसारखी. एका अंगाने बघा, एक रंग. दुसऱ्या अंगाने बघा, दुसरा. सावली न घालता त्यांनी उजेड आणि अंधार एकाच लालात कोंबलाय.

अशा फेऱ्या मारता मारता मी चुलीपाशी थबकले, कारण प्याला गेला होता. जिथे प्याल्याचं टोक होतं तिथे आता कमान होती. दोन बाजूंना दोन खांब, वर कमान, मध्ये मोकळा लाल. दार. तेव्हा कुठे मला म्युनिकच्या दालनातली पाटी आठवली: नमाजाचं आसन, कमान मक्केकडे. वाचलं होतं मी ते, आणि तिथेच सोडून आले होते.

म्हणजे दोनशे वर्षं आम्ही एक दार उलटं टांगून त्याला प्याला म्हणतो आहोत. मी हसत सुटले, इतकी की बाबा वर आले. त्यांना दोन्ही बाजूंनी दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"खाली कुणाला बोलू नकोस," ते म्हणाले.

"पण बाबा, खरं आहे ते."

"म्हणूनच."

५ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली बैठक. गालिचा भिंतीवर खिळवला, कमान वर. मुद्दाम तसा, कारण कमान वर असली की वेलबुट्टी आपसूक वर चढते. काकांना त्याच्यापुढे बसवलं. त्यांनी चर्चचा कोट घातला होता, पांढऱ्या मेंढीच्या कातड्याचा, छातीवर रेशमी ट्यूलिप. लग्नाच्या वर्षी स्वतः शिवलेला. तो आता खांद्यांवरून उतरतोय.

"काका, एवढे नावाजलेले कारागीर तुम्ही, आणि स्वतःचंच माप चुकलं?"

"कातडं जुनं झालं की सैल पडतं," ते म्हणाले.

मग माझ्या खांद्यावरून चित्रात डोकावले. "नाकाखाली सावली नाही काढलीस."

"काढणारही नाही."

"मग नाक पुढे कसं येणार?"

"कशाला यायला हवं पुढे? गालिच्यातली फुलं येतात का? ती शेजारच्या रंगाला धरून आपापल्या जागी बसतात."

"म्हणजे आळीसारखं," काका म्हणाले. "कुणी फार पुढे यायचं नाही. बरं, किती दिवस चालेल हे?"

"रंग सुकतील तसं."

"रंगांना सांग, जरा लगबग करा."

मानाची माणसं उतावळीच असतात. संध्याकाळी जेवताना कोटाची गंमत बाबांना सांगितली, कारण बाबा जन्मभर कातडी कमावतात. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"असं म्हणाला तो? कातडं सैल पडतं?"

"हो. का, पडत नाही?"

"खा तू," बाबा म्हणाले. माझ्या कामात त्यांना कधीच रस नव्हता, आता स्वतःच्या कामातही राहिला नाही असं दिसतंय.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सापडलं. लाल का थरथरतो ते सापडलं.

गालिच्याच्या मध्याच्या थोडं खाली एक आडवी रेघ आहे. रेघ म्हणजे काढलेली नव्हे. तिथे विणणारीची रंगवलेली लोकर संपली. तिने नवी रंगवली, ती किंचित केशरी आली, आणि तिने तशीच पुढे विणली. जुळवाजुळव नाही, झाकाझाक नाही. चर्चमध्ये लांबून हे दिसतच नाही, फक्त डोळ्याला कळतं की इथे काहीतरी हलतंय. माझे मास्तर असते तर म्हणाले असते, दोष आहे, बुजवा.

मीही आज कालवलेला लाल संपू दिला. मग नवा कालवला, जुन्याकडे पाठ करून. दोन्ही एकमेकांना टेकले तेव्हा कापड जागं झालं. मी उड्या मारल्या. खालून बाबांनी काठीने छत ठोकलं.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गालिच्याबरोबर राहून माझे डोळेच बदललेत. आधी मला माणसाच्या चेहऱ्यात गुलाबी आणि तपकिरी एवढंच दिसायचं. आज काका खिडकीकडे तोंड करून बसले आणि मला त्यांच्या कपाळावर, गालांवर पिवळा दिसला. नुसता कल्पनेतला नव्हे, खराखुरा, जुन्या मेणासारखा पिवळा, कानांपाशी हिरव्याकडे गेलेला. डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा. मागच्या लालापुढे तो पेटलाच. गेल्या महिन्यात हा पिवळा मला दिसला नसता याची मला खात्री आहे.

सगळा चेहरा पिवळ्यात घेतला. सपाट, एका दमात, कडेने फक्त एक निळी रेघ. यांका बघेल तर म्हणेल, पॅरिसला न जाताच पोहोचलीस.

काका उठून चित्रापुढे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "आवडला नाही का रंग?"

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले.

बरोबर आहे! मेंढीची कातडी शिवण्यात जन्म गेलेला माणूस हे म्हणतो. म्युनिकला एकालाही हे म्हणवलं नसतं.

२३ ऑक्टोबर, सोमवार

ट्रेनीकाकू, म्हणजे मार्टिनकाकांची बायको, हांकलिख घेऊन आल्या, आमच्याकडची गोड भाजलेली रोटी, वर साय-अंड्याचा जाड थर. "तो हल्ली खात नाही, निदान तू खा," म्हणाल्या. मी बशी घेतली आणि उत्साहात चित्रावरचं फडकं काढलं.

त्या उभ्याच राहिल्या.

"असा दिसतो तो तुला?"

"अगदी असाच दिसतो, काकू."

"मला वाटायचं फक्त मलाच दिसतो," त्या म्हणाल्या, आणि बशीसुद्धा न घेता जिना उतरल्या.

काय म्हणायचं होतं देव जाणे. नवऱ्याला पिवळा रंगवलेला कुठल्या बायकोला आवडेल. पण मला लागलं. त्या गेल्यावर पूर्ण हांकलिख मी एकटीने संपवली आणि मग पोटात दुखलं.

२ नोव्हेंबर, गुरुवार

थंडीने बोटं आखडतात. सोफीताईचा निरोप आलाय: मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे, पाळणाही तिथेच हलवलाय. पाळणा. तिने माझा निकाल लावूनसुद्धा टाकला.

आज काम झालं नाही. खरं काय ते इथे तरी लिहावं. मला वाटायला लागलंय की मी चोर आहे. अनातोलियातली कुणी बाई, तिचं नाव मला माहीत नाही, तिने एक लाल विणला. तो मी उचलून माझ्या कापडावर ठेवला आणि नाचते आहे. म्युनिकचे आणि पॅरिसचे शहाणे तेच करतात आणि त्याला नवी कला म्हणतात. आमच्या पूर्वजांनी निदान पैसे तरी दिले होते.

मग संध्याकाळी गालिच्यासमोर नुसती बसून राहिले. वाटलं, नक्षी घेतली असती तर चोरी. मी तिची एकही फुलवेल घेतलेली नाही, मागे जशी आहे तशी ती तिचीच म्हणून दिसते आहे. मी घेतलंय ते धाडस. रंग संपला तर नवा लाव आणि लपवू नकोस, एवढं. धाडस कुणाकडून घेतलं तर त्याचं कमी होत नाही. हे मला पटलंय की मी पटवून घेतलंय, माहीत नाही.

पाळणा मात्र डोळ्यांपुढून जात नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

काका आज दोनदा थांबून जिना चढले आणि बसायच्या आधी गालिच्याकडे बघत राहिले.

"पहिल्या दिवसापासून विचारीन म्हणतोय. प्याला उलटा का टांगलास?"

बाबांनी बजावलं होतं, पण माझ्याच्याने खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. प्याला नाही, दार आहे, उलटा मी नाही तर आपण टांगलाय, ते लोक यावर गुडघे टेकतात आणि डोकं कमानीकडे करून वाकतात. मला वाटलं आता चिडतील. कातडीवाल्यांचा सगळा तोरा त्या प्याल्यावर आहे.

त्यांनी वर कमानीच्या टोकाकडे बघितलं आणि विचारलं, "आणि दाराच्या पलीकडे काय असतं, त्यांच्यात?"

"पाटीवर तेवढं नव्हतं, काका. कमानीनंतर फक्त गाव आणि लोकर लिहिलं होतं."

ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. "गाव आणि लोकर," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग खुर्ची कमानीच्या बरोबर मध्ये सरकवून घेतली. मी म्हटलं, आधी डावीकडे होती तेच चांगलं होतं. "आता इथे," ते म्हणाले. मला सगळं धड पुन्हा रंगवावं लागणार, पण गंमत म्हणजे तेच बरोबर आहे. मध्ये बसल्याबरोबर पिवळ्याला चहूबाजूंनी लाल मिळाला. या माणसाला नजर आहे. तरुणपणी कुणी हातात कुंचला दिला असता तर!

२३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. काका गेल्या खेपेला आले नाहीत, आजही नाहीत. ट्रेनीकाकूंनी सांगून पाठवलं की त्यांच्याशिवाय जमत असेल तर बघ. जमलं. हात तर मला पाठ झालेत.

बाबा वर येऊन चित्रापुढे उभे राहिले, टोपी हातात घेऊन. मी सांगायला लागले, इथे सावली का नाही, हा लाल दोन प्रकारचा का. ते म्हणाले, "मला सांगू नकोस. दिसतंय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी मी शाळेत होते तेव्हा शेवटचं केलं होतं. म्हणजे त्यांनासुद्धा कळतं. मी झोपेन असं वाटत नाही.

३ डिसेंबर, रविवार

सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

उपासना संपल्यावर सगळे सभागृहात जमले. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला लागून. मार्टिनकाकांना पहिल्या खुर्चीवर बसवलं होतं. आळीचे दुसरे मानकरी, गाडे बनवणारे श्टेफान रोट, त्यांनी चादर ओढली.

मी उत्तरं पाठ करून आले होते. चेहरा सपाट का? पिवळा का? सावली कुठाय? प्रत्येकाला एक एक, इराणपासून पॅरिसपर्यंत. कुणी विचारलंच नाही. माणसं चित्राकडे बघायची, मग काकांकडे, मग पुन्हा चित्राकडे, आणि मग स्वतःच्या बुटांकडे. पिवळ्याबद्दल एकाने हूं की चूं केलं नाही. मला आश्चर्य वाटलं. वाटलं, म्हणजे रंग खरा असला की गावालाही कळतो.

तेवढ्यात श्टेफान रोट म्हणाले, "प्याला पालथा आहे."

आणि भडका उडाला. प्याला पालथा! आमच्याकडे दफनानंतर सगळे जेवायला बसतात तेव्हा गेलेल्या माणसाचा पेला त्याच्या जागी पालथा ठेवतात. हे मला जन्मापासून माहीत आहे, आणि इतके दिवस कमानीकडे बघताना एकदाही डोक्यात आलं नाही. मला दारच दिसत होतं ना.

"थोरल्यांच्या डोक्यावर पालथा प्याला? जिवंत माणसाच्या?"

"म्युनिकला हे शिकवतात काय?"

"चित्र चांगलं आहे," श्टेफान रोट हात वर करून म्हणाले. "चांगलं नाही असं कुणी म्हणत नाही. रेगी, फक्त गालिचा फिरवून दे, टोक खाली. आठवड्याचं काम. मग लगेच टांगू."

आठवड्याचं काम. माळा, रंग, मुलींचा वर्ग, सगळं एका आठवड्यावर आलं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, मान हलवत नव्हते, ना हो ना नाही. मला पाळणा दिसला. आणि मी माझा आवाज ऐकला:

"फिरवणार नाही. तो प्याला नाहीच. ते दार आहे. तुर्कांच्या नमाजाच्या आसनावरचं दार, आणि आपण ते इतकी वर्षं उलटं टांगलंय."

त्यानंतर जे झालं ते लिहीत नाही. पाद्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. कुणीतरी मागून म्हणालं, हिला आजच मेडियाशच्या गाडीत बसवा. मी मनातल्या मनात कुंचले बांधायला घेतले होते.

मार्टिनकाका उठले. एकट्याने नव्हे, ट्रेनीकाकूंच्या हाताला धरून. उठायला वेळ लागला, तेवढ्यात सगळे गप्प झाले.

"ते दार आहे हे मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पोरीने केव्हाच सांगितलंय. आणि तिने फिरवून दिलं असतं तर मीच तिला ओरडलो असतो." थोडे थांबले. "सगळा जन्म मी प्याल्याखाली बसलो. आता थोडा दाराशी बसतो. कुणाची हरकत आहे?"

कुणाचीच नव्हती. चित्र पत्करायला सगळ्यांत आधी हात वर केला तो ट्रेनीकाकूंनी. बायकांना आळीत मत नसतं, पण हात खाली घ्या असं त्यांना कुणी म्हणालं नाही. मग बाबांचा हात. मग एकेक करत सगळे, श्टेफान रोटसुद्धा, डोळे पुसत. एवढा धिप्पाड माणूस चित्रापुढे रडतो! मला इतका आनंद झाला की काय करू सुचेना. मी त्यांच्याशीच हात मिळवला.

माणसं पांगल्यावर काकांनी मला जवळ बोलावलं. चित्र अजून डोळ्यांपुढे होतं.

"एक काम राहिलंय," ते म्हणाले. "दाराच्या आतला तो लाल. जरा उजळ कर. आत कुणीतरी दिवा लावलाय असा."

काय बोलतो हा माणूस! तेच, अगदी तेच मला गेल्या आठवड्यापासून खुपत होतं. मी म्हटलं, "करते. पण खालचा थर आधी नीट सुकू दे. ईस्टरपर्यंत."

"उद्या ये."

"काका, आता कसली घाई? मला मेडियाशला जायचं नाहीये. सगळा हिवाळा आपला आहे."

"तुझा आहे," ते म्हणाले, आणि माझा रंगाचे डाग न गेलेला हात दोन्ही हातांत धरून ठेवला, सोडेचनात. "उद्या ये."

थोरल्यांचा हट्ट. पण आज त्यांना नाही कसं म्हणणार? थर ओला तर ओला. उद्या सकाळी शेंदरी आणि भरपूर पांढरा घेऊन जाते.